गुरुवारी, मगरिबनंतर

पहिल्या गुरुवारी मी चुकीच्या जागी बसलो होतो.

दिल्लीत सूफी संत हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याच्या अंगणात कव्वाल नुकतेच येऊन टेकले होते. अंगणात माणसं दाटीवाटीनं बसलेली, पण कव्वालांच्या पेटीपासून दर्ग्याच्या दारापर्यंत दोन-तीन हात रुंदीची पट्टी रिकामी होती. एवढी मोक्याची जागा सोडली कुणी, असं वाटलं आणि मी सरळ तिथं मांडी ठोकली. मिनिटभरात खांद्यावर हात पडला. राखाडी शाल पांघरलेले एक म्हातारे गृहस्थ होते. "बेटा, बीच में से उठ जाइए. यह रास्ता है."

मी उठून कडेला सरकलो. लोक दर्ग्यात जात-येत होते तेही कडेकडेनंच. गाणाऱ्यांच्या आणि दाराच्या मधे कुणी थांबत नव्हतं. तो रस्ता नक्की कुणासाठी मोकळा ठेवलाय, हे मला उमगायला आणखी काही गुरुवार जावे लागले.

मी खुलताबाद तालुक्यातला. घरात माळ आहे, आषाढीची वारी आहे, आणि गावच्या भजनी मंडळात मी बावीस वर्षं पेटी वाजवतो. खुलताबादला आमच्याकडची जुनी माणसं अजून 'रौजा'च म्हणतात. जर जरी जर बक्षांच्या उरुसात आजीचं बोट धरून रेवड्या खायला जायचो. तेवढ्यावर मला वाटायचं की दर्गा, उरूस, कव्वाली हे सगळं आपल्याला माहीत आहे. निजामुद्दीन हे नाव तर आमच्या लेखी गोवा एक्सप्रेसच्या पाटीवरचं शेवटचं स्टेशन. मागच्या हिवाळ्यात ऑफिसनं चार महिन्यांसाठी दिल्लीला पाठवलं, भोगलमध्ये खोली मिळाली, आणि ते स्टेशन ज्यांच्या नावानं आहे त्यांचा दर्गा चालत जाण्याच्या अंतरावर आला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, गुरुवारी जा, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर जा, आणि मोजे दोन जोड घालून जा.

मोज्यांचं त्याचं म्हणणं खरं ठरलं. बूट बाहेर ठेवले की संगमरवरावरून नुसत्या मोज्यांनीच चालायचं, आणि डिसेंबरात तो दगड तळपायातून वर चढत जातो. बस्तीच्या गल्लीत शिरलं की एका हाताला गालिबची कबर लागते, पुढं खानावळी लागतात. त्यांच्या दारात गरीब माणसं रांगेनं उकिडवी बसलेली असतात. कुणीही पैसे भरावेत आणि तितक्यांना जेवू घालावं, अशी तिथली रीत आहे. मग दोन्ही बाजूंना गुलाबाच्या पाकळ्यांच्या टोपल्या, हिरव्या चादरी, उदबत्त्या, आणि "जूते यहाँ, जूते यहाँ" असा पुकारा. डोक्यावर टोपी नसेल तर रुमाल बांधायचा.

आत गेल्यावर आधी कवी अमीर खुसरोंच्या कबरीपाशी थांबायचं आणि मग निजामुद्दीनांकडं जायचं. आधी शिष्य, नंतर गुरू. हा क्रम मला फार आवडला. पंढरीत आपण आधी नामदेव पायरीला हात लावतो आणि मग आत जातो, तसाच. गुरू १३२५ च्या एप्रिलमध्ये गेले. सुलतानाच्या बंगालच्या स्वारीबरोबर पूर्वेकडं गेलेले खुसरो तेव्हा दिल्लीत नव्हते. परत आले, कळलं, आणि त्याच वर्षी सहा महिन्यांच्या आत तेही गेले. दोघांच्या कबरी हाकेच्या अंतरावर आहेत, आणि गुरुवारचं गाणं या दोघांच्या अंगणात होतं.

संध्याकाळ उतरते तसं अंगण भरत जातं. दिवे लागताना दुआ होते, अजान होते, नमाज होते. मग कुणीतरी एक जाजम पसरतं, दोन पेट्या आणि ढोलक येते, आठ-नऊ माणसं दोन ओळींत बसतात आणि गाणं सुरू होतं. व्यासपीठ नाही, निवेदक नाही, सत्कार नाही. वर उघडं आकाश, अंगणातलं झाड, एका बाजूला जुन्या मशिदीचा तांबडा दगड, दुसरीकडं जाळीच्या भिंतीआड जहाँआराची कबर. शहाजहानच्या या मुलीच्या कबरीवर छत नाही, वरच्या चौकोनात माती आहे आणि तिच्यात गवत उगवलेलं असतं.

त्या पहिल्या दिवशी मी चाळीस मिनिटं बसलो, त्यातली वीस मोबाईलवर चित्रीकरण करण्यात गेली. कानानं पेटीवाल्याचंच काम केलं: पट्टी काळी दोन, डावीकडच्या पेटीचा भाता जरा फुसफुसतोय, ठेका केरवा. आमचा भजनी ठेकाही आठ मात्रांचाच, त्यामुळं हात आपोआप मांडीवर पडत होता. गाणं चांगलं झालं, असं मनात म्हणून मी उठलो. खोलीवर येऊन ती चित्रफीत पाहिली तर माणसांची डोकी, फोनचे उजेड आणि एक फुटका आवाज. तिथं जे होतं त्यातलं त्यात काहीच नव्हतं. पण मग तिथं होतं तरी काय, तेही मला सांगता येईना.

दुसऱ्या गुरुवारी मी त्या शालवाल्या चाचांनाच शोधलं आणि विचारलं, कुठं बसू? ते हसले नाहीत. आपल्या बाजूला हातानं जागा साफ केली आणि म्हणाले, पाय दुमडून बसा, दाराकडं तळवे करू नका, आणि तो फोन खिशात ठेवा. मग हळूच बोट दाखवलं. "देखिए, ये लोग किसकी तरफ़ मुँह करके बैठे हैं?"

तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. कव्वाल आमच्याकडं तोंड करून बसलेले नव्हतेच. त्यांचं तोंड दाराकडं होतं, आत कबर होती, आणि ती मोकळी पट्टी त्या दोघांमधली होती. गाणं तिकडं चाललं होतं. आम्ही आजूबाजूला बसलेली माणसं ते जाता जाता ऐकत होतो, एवढंच. मला आमच्या गावचा मंडप आठवला. गेल्या काही वर्षांत आम्हीही माइक आणि लाइटच्या नादानं देवाकडं पाठ करून लोकांपुढं बसायला लागलोय. याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

चाचांनी मला जे शिकवलं ते सगळं अशा अर्ध्या-मुर्ध्या वाक्यांत, गाण्याच्या मधल्या फटींत. आधी हम्द, म्हणजे परमेश्वराची स्तुती. मग नात, पैगंबरांची. मग कौल: खुद्द 'कव्वाल' हा शब्दच त्या 'कौल'वरून आलेला, कौल म्हणजे वचन. मग मनकबत, म्हणजे अवलियांची स्तुती, मग फारसी, हिंदवी, जे ज्या रात्री सुचेल ते. आणि शेवटी खुसरोंचा 'रंग', म्हणजे त्या नावाचं त्यांचं पद. गाणारा एक ओळ घेतो, तिच्या पोटात दुसऱ्याच कवीचा शेर आणून बसवतो आणि परत मूळ ओळीवर येतो, त्याला म्हणतात 'गिरह', गाठ. आमचे बुवा एका अभंगाच्या चरणावर दुसऱ्या संतांचं प्रमाण घेतात आणि फिरून धृपदावर येतात, तीच रीत. गाठ चांगली बसली की चाचांच्या तोंडून "हाँ" निघायचं, इतकं हळू की शेजारच्यालाच ऐकू यावं.

टाळ तिथं नाही, टाळी आहे. मागच्या ओळीत कोपऱ्यात दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा बसायचा. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. तो तळव्यावर तळवा नुसता आपटत नव्हता. उजव्या हाताची चार बोटं जुळवून डाव्या तळव्याच्या खोलगट भागावर मारायचा, त्यामुळं आवाज टणक निघायचा, ढोलकीच्या थापेला कड लावल्यासारखा. तासाभरात तळवा लालबुंद झाला. दोन गाण्यांच्या मधे त्यानं तो थंड फरशीवर टेकवला, पाचही बोटं पसरून, आणि पुढची ओळ सुरू होताच पुन्हा उचलला. शेजारच्या थोराड गायकानं त्याच्याकडं न बघताच आपल्या शालीचं टोक त्याच्या मांडीवर टाकलं. ही घराणी पिढ्यानपिढ्या इथं गाणारी. त्या पोराला कुणी वर्गात बसवून शिकवत नव्हतं. तो दर गुरुवारी त्या ओळीत बसत होता, तेवढंच.

तिसऱ्या गुरुवारी दाट धुकं होतं. अंगणातले दिवे कापसात गुंडाळल्यासारखे दिसत होते. अशा ओलसर गारठ्यात चामडं उतरतं, आणि ढोलकवाला सारखा दोऱ्यांमधल्या कड्या सरकवून ती चढवत होता. गर्दी कमी होती. ऑफिसमधून थेट आलेला एक माणूस माझ्यापुढं बसला होता, खांद्याला बॅग, गळ्यात ओळखपत्राची दोरी. एका ओळीवर तो डोलायला लागला. मग त्याची मान मागं गेली, आणि तो उभा राहिला.

यानंतर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. मुख्य गायक त्या ओळीवर थांबला. पुढची ओळ नाही, गिरह नाही, तान नाही. तीच अर्धी ओळ, पुन्हा पुन्हा. त्याची नजर आता दारावरून त्या माणसावर आली होती, आईनं तापलेल्या लेकराकडं बघावं तशी. आसपासची माणसंही एकेक करून उभी राहिली, आम्हीही राहिलो. दोघांनी त्या माणसाच्या मागं हात धरले होते, त्याला न शिवता, फक्त पडला तर असावेत म्हणून. मी सवयीनं आवर्तनं मोजत होतो. चाळीसच्या पुढं सोडून दिलं. पेट्यांनी मधल्या जागा भरल्या नाहीत, दोन स्वर धरून ठेवले. हळूहळू त्या माणसाचे खांदे खाली आले, तो रडला, खाली बसला. मग टाळी मंद झाली, आणि त्यानंतरच दुसरी ओळ आली.

नंतर चाचा म्हणाले, कुणाला 'हाल', म्हणजे भावसमाधी, आलेला असताना कव्वालानं ओळ बदलायची नसते. मेहरौलीचे सूफी संत कुतबुद्दीन बख्तियार काकी १२३५ मध्ये गेले ते असेच, समाच्या मैफलीत एका फारसी शेरावर. परंपरा सांगते की तो शेर त्यांच्यासाठी काही दिवस गायला जात होता. समा म्हणजे ऐकणं. या सगळ्या प्रकाराचं जुनं नाव गाण्यावरून नाही, ऐकण्यावरून पडलंय. हे कळल्यावर माझ्या डोक्यातलं बरंच काही जागेवर आलं. आमच्या शहरात लॉनवर 'सूफी नाईट' होते, तिकीट असतं, रंगीत धूर असतो, गाणारेही तयारीचे असतात. त्यांच्या गळ्याला मी नावं ठेवणार नाही. पण तिथं एखाद्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर त्याच्यासाठी ओळ थांबत नाही, कारण पुढची फर्माईश तयार असते.

निजामुद्दीनांनी समाच्या अटी घालून दिल्या होत्या. गाणारा कसा असावा, जे गायचं ते कसं असावं, ऐकणाऱ्याच्या मनात ईश्वराचं स्मरण हवं. वाद्यं नकोत, असंही त्यांचं सांगणं. म्हणजे ज्या पेटीवर माझा इतका जीव आहे ती त्या काळात नव्हतीच, आणि असती तरी त्यांनी बसू दिली नसती. दर्ग्यात आज ती वाजते, आणि मला ती तिथं परकी वाटली नाही. पण या अटी ऐकल्यापासून माझा हात पेटीवर हलका पडतो हेही खरं आहे. समा धर्मात बसतो का, यावर गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांनी त्यांना जाबही विचारला होता. तोच हा सुलतान, ज्याच्यावरून 'दिल्ली अभी दूर है' हे त्यांच्या तोंडचं वाक्य आपल्या मराठी बोलण्यापर्यंत पोचलं.

या अटी आपल्याला कळतात त्या 'फवाइद-उल-फुआद' या ग्रंथातून. निजामुद्दीनांच्या बैठकीत १३०८ ते १३२२ या काळात जे बोलणं झालं ते त्यांचे शिष्य, कवी अमीर हसन सिज्झी यांनी टिपून ठेवलं. चाचा हे सांगत होते आणि मी मधेच म्हणालो, हसन सिज्झींची कबर तर आमच्याकडं आहे.

"आपके यहाँ? कहाँ?"

"खुलताबाद."

चाचा एकदम गप्प झाले. माझा हात दोन्ही हातांत घेतला. "ख़ुल्दाबाद! आप तो बुरहानुद्दीन ग़रीब साहब के गाँव के हैं." मग बराच वेळ हात सोडलाच नाही. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा दिल्लीची कितीतरी माणसं त्या वाटेनं दक्षिणेत आली. निजामुद्दीनांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब दक्षिणेतच राहिले, १३३७ मध्ये गेले, आणि त्यांची कबर खुलताबादला आहे. समात ते देहभान विसरून नाचत, आणि त्यांच्या अनुयायांच्या त्या नाचण्याला त्यांच्याच नावानं ओळखलं जाई. बुऱ्हाणपूर शहराचं नाव त्यांच्यावरून. हे मी शाळेत असताना शिक्षकांनी सांगितलं असेलही, पण माझ्या कानावरून गेलं होतं. ते शिकायला मला हजार-बाराशे किलोमीटर यावं लागलं, तेही एका म्हाताऱ्या दिल्लीकराकडून. चाचा म्हणाले, "यहाँ से जो गए, वहीं सो गए."

पुढचे गुरुवार मी एकही चुकवला नाही. नजराणा कसा द्यायचा तेही शिकलो: नोट उधळायची नाही, पेटीवर फेकायची नाही. आधी शेजारच्या वडीलधाऱ्यापुढं धरायची, त्यांनी तिला हात लावायचा, मग वाकून गाणाऱ्यापुढं ठेवायची. दहाची असो की पाचशेची, वाकणं सारखंच. एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत खुपली. बायकांना कबरीच्या आतल्या दालनात जाता येत नाही. त्या बाहेर जाळीला टेकून बसतात, जाळीला दोरे बांधतात. एक आजी दर गुरुवारी जाळीच्या त्याच एका भोकाशी कपाळ लावून बसलेली असायची. कव्वाली सुरू झाली की ती वळून बसायची नाही, पाठ आमच्याकडं आणि कान गाण्याकडं. मी तिथला कुणी नाही, माझ्या म्हणण्याला तिथं वजन नाही, पण आत जायचा हक्क त्या कपाळाला माझ्यापेक्षा जास्त होता, असं मला वाटतं.

शेवटचा गुरुवार फेब्रुवारीतला. वसंत पंचमीच्या सुमाराला तिथं पिवळी फुलं आणि पिवळे फेटे घेऊन कव्वाल येतात, त्या दिवसांचा पिवळेपणा अंगणातून अजून पुरता गेला नव्हता. इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची वेळ जवळ आली तशी मुख्य गायकानं शाल सावरली आणि रंग सुरू केला. सगळं अंगण उठून उभं राहिलं. मुलं, म्हातारे, जाळीपाशी बसलेल्या बायका, फुलवाला पोरगासुद्धा टोपली खाली ठेवून. चाचांना गुडघ्यामुळं उठवेना. मी हात दिला आणि ते माझ्या मनगटावर सगळा भार टाकून उभे राहिले. टाळी देणारा मुलगाही आता उभा होता, आणि तो गात होता, टाळीच्या आडून नाही, मोकळ्या गळ्यानं.

रंग संपला, अजान झाली, जाजम गुंडाळलं गेलं. चाचांनी मला थांबवलं आणि आतून आलेल्या गुलाबाच्या पाकळ्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून दिल्या. "बुरहानुद्दीन साहब के यहाँ रख दीजिएगा. कहिएगा, घर से आया है."

निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेस धरली. पुडी वरच्या खिशात ठेवली होती, रात्री बर्थवर झोपताना डब्यात काढून ठेवली. मनमाडला उतरून एसटी पकडली. घरी न जाता आधी खुलताबाद. तिथं रस्त्याच्या एका बाजूच्या दर्ग्यात औरंगजेबाची कबर आहे, गाड्या तिकडं लागतात आणि पाहुणे तिकडंच वळतात. समोर, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, बुरहानुद्दीन गरीब. दुपारची वेळ होती. अंगणात दोन कबुतरं आणि एक झाडणारा माणूस, एवढंच. मी बूट काढले. इथली फरशी तापलेली होती.

दारातल्या वयस्कर माणसानं पुडीकडं बघून विचारलं, "क्या है?"

"दिल्लीहून," मी म्हणालो. मग चाचांचे शब्द आठवले. "घर से आया है."

त्यानं पुडी दोन्ही हातांत घेतली. पाकळ्या काळ्या पडून कागदाला चिकटल्या होत्या. तो तिथंच उंबऱ्याशी बसला आणि एकेक पाकळी नखानं अलगद सोडवायला लागला. मीही शेजारी बसलो, पाय दुमडून.